झांशीचा चैत्र

१८५८ सालच्या झांशीच्या वेढ्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राणी लक्ष्मीबाईंची तडफ, गुलाम गौसखानाची गोलंदाजी, सर ह्यू रोज या इंग्रज सेनापतीची चिकाटी, तात्या टोप्यांची हुकलेली कुमक, हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु या हकीकतीत ऋतूचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. वेढा पडला तो चैत्रात, काल्पीची लढाई झाली वैशाख उलटल्यावर, आणि ग्वाल्हेरजवळ राणीला वीरमरण आले ते ज्येष्ठात, पाऊस अजून यायचा होता तेव्हा. बुंदेलखंडातील या तीन महिन्यांत माणसाला नुसते सावलीत बसून राहणे जड जाते. तेथे या लोकांनी तोफा ओढल्या, भिंती बांधल्या, शेकडो मैल मजल मारली. ते त्यांना कसे साधले, आणि कोठे साधले नाही, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम स्थळ पाहू. झांशीचा किल्ला बंगरा नावाच्या खडकाळ टेकडीवर उभा आहे. ओरछाच्या वीरसिंहदेवाने तो १६१३ साली बांधला. पुढे मराठी अमलात नारो शंकराने त्याचा विस्तार केला व त्या भागाला शंकरगड हे नाव पडले. भोवतालचा मुलूख ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांचा. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर बराच वेळ ते ओकत राहतो. चैत्रातच पारा फॅरनहाइटच्या १०० अंशांकडे झेपावू लागतो. वैशाख-ज्येष्ठात तो ११०च्या वर जातो. त्यात पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो. त्याला तिकडे ‘लू’ म्हणतात. आपल्याकडील ‘झळा’ या शब्दात त्याची पुरती दाहकता येत नाही.

अशा मुलखात राज्य करणारे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, आणि वेढ्याची सर्वांत जिवंत हकीकत ज्याने लिहून ठेवली तो विष्णुभट गोडसेही कोकणचाच, पेणजवळच्या वरसईचा. कर्जाने गांजलेल्या घराला चार पैसे मिळावेत म्हणून हा भिक्षुक आपल्या काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल, एवढीच त्याची आशा. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि दैवाने त्याला झांशीच्या तटाच्या आत नेऊन ठेवले. त्याचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. भटजीबुवांची ऐकीव माहिती पुष्कळदा चुकते, तारखांत घोटाळा होतो. पण जे डोळ्यांनी पाहिले ते सांगताना हा माणूस फारसा ढळत नाही. शूर असल्याचा आव तर तो मुळीच आणीत नाही. आपण भ्यालो हे तो सरळ सांगतो, आणि म्हणूनच त्याच्या इतर सांगण्यावर विश्वास बसतो.

त्या वर्षी चैत्र शुद्ध प्रतिपदा मार्चच्या मध्यास आली. किल्ल्यातील वाड्यात चैत्रगौर बसली, हळदीकुंकवाचा समारंभ थाटाने झाला, असे गोडसे सांगतात. एकीकडे बुरुजांवर दारूगोळा चढत होता आणि एकीकडे भिजवलेल्या हरभऱ्यांनी सुवासिनींच्या ओट्या भरल्या जात होत्या. मला यात विसंगती दिसत नाही. येणारे संकट दिसत असताना नित्याचा क्रम न मोडणे ही घाबरलेल्या शहराला धीर देण्याची जुनी व खात्रीची रीत आहे. राणीचा स्वतःचा दिनक्रमही असाच बांधीव होता: पहाटेचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, मग दरबार. या रपेटीचा उपयोग पुढे कसा झाला ते येईलच.

२१ मार्च रोजी रोजचे सैन्य झांशीपुढे आले. जानेवारीपासून ते सीहोर, राहतगड, सागर असे लढत व चालत आले होते. झांशीभोवती त्याला काय आढळले? गवताची काडी नाही, सावलीचे झाड नाही. राणीने आसपासचा मुलूख आधीच उजाड करून टाकला होता. शत्रूला दाणावैरण मिळू नये हा त्यातील उघड हेतू. पण या ऋतूत झाड तोडणे म्हणजे सावली तोडणे, हेही बुंदेलखंडात राहणाऱ्याला कळत असलेच पाहिजे. शिंद्यांकडून आणि ओरछाकडून रसद आली नसती, तर रोजला तेथे टिकणे कठीण गेले असते. आपल्याच लोकांच्या बैलगाड्यांनी हा डाव उलटवला, ही गोष्ट कडू असली तरी खरी आहे.

तोफांचा मुख्य भडिमार २५ मार्चला सुरू झाला आणि ३ एप्रिलच्या हल्ल्यापर्यंत चालला. बाहेर इंग्रजांचे घोडेस्वार सतरा दिवस अंगावरचे कपडे न उतरवता राहिले. घोड्यांवरील खोगिरे रात्रीही चढवलेलीच असत. आतल्या लोकांची दशा याहून बिकट. तोफ डागणारा गोलंदाज तेवढा आपल्या डोळ्यांपुढे असतो. पण तोफेपर्यंत गोळा कोण आणतो, गोलंदाजाला पाणी कोण पाजतो, ढासळलेली भिंत कोण उभी करतो? रोजने आपल्या अहवालात नमूद केले आहे की, शहरातील स्त्रिया मोर्चांवर काम करताना आणि दारूगोळा वाहताना दिसत होत्या. शत्रूच्या सेनापतीने दुर्बिणीतून पाहून दिलेली ही साक्ष आहे. तापलेल्या दगडावरून, भर उन्हात, डोक्यावर ओझे घेऊन चालणे त्या बायकांना नवीन नव्हते. नवीन होते ते वरून पडणारे गोळे.

भिंतीचे काम रात्री चाले. दिवसा तोफांनी पाडलेले खिंडार गवंडी रात्री कांबळी पांघरून, एकेक वीट हातोहात पुढे देत, बुजवून काढीत असे गोडसे सांगतात. पंचांग पाहिले तर ते दिवस चैत्राच्या शुद्ध पक्षातले व पौर्णिमेच्या आसपासचे दिसतात. टिपूर चांदण्यात उघडा माणूस भिंतीवर सहज दिसला असता. कांबळ्याचा हा उपाय कोणा मुत्सद्द्याला सुचला नसावा. तो हात चुनामातीत बुडालेल्या माणसालाच सुचावा असा आहे. शेवटी शेवटी खिंडारामागे लाकडी मेढी रोवून व त्यांत माती भरून दुहेरी कूड उभारण्यात आला. तो जाळण्यासाठी इंग्रजांना लाल तापवलेले गोळे मारावे लागले.

आणि पाणी. वेढ्यात सापडलेल्या गावाचा जीव धान्याच्या कोठारात नसतो, तो पाण्याच्या जागी असतो. किल्ल्यात पाणी भरण्याची जागा इंग्रजांच्या माऱ्यात आली. पाणी न्यायला आलेले काही पाणके मारले गेले, उरलेले भांडी टाकून पळाले, आणि बराच वेळ आत पाणी पोचेना. किल्ल्यावरील तोफांनी तो मारा काही काळ बंद पाडला तेव्हा लोकांनी घाईघाईने पाणी भरून घेतले. कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून अशा हवेत तासाला शेर-दीड शेर पाणी घामावाटे सहज निघून जाते. ते परत मिळाले नाही तर रक्त दाटते, नाडी धावू लागते, आणि तहानेपाठोपाठ विचारशक्तीच मंद होते. तेव्हा त्या चार पाणक्यांचे मरण हे चार माणसांपुरते नव्हते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१ एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोप्यांच्या वीस हजारांवर फौजेचा रोजने सुमारे दीड हजार माणसांनिशी पराभव केला. ३ तारखेला पहाटे शिड्या लागल्या. त्यानंतर शहरात जे झाले ते गोडशांच्या ग्रंथात वाचवत नाही. आदल्या वर्षी जूनमध्ये झांशीत गोऱ्या बायकामुलांची कत्तल झाली होती. तिचा सूड म्हणून, त्या कत्तलीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांना गल्लीगल्लीत ठार करण्यात आले. जळणारी घरे, कुजणारी प्रेते आणि चैत्राचे ऊन यांत गोडसे व त्यांचे काका दडून राहिले. मिळवलेली दक्षिणा लुटीत गेली, जीव तेवढा वाचला. वाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याचे दुःखही या दरिद्री भिक्षुकाने आवर्जून नोंदवले आहे.

४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली आणि पाठलाग चुकवीत सुमारे १०० मैलांवरील काल्पीस एका अहोरात्रात जाऊन पोचली. याला आपण चमत्कार म्हणतो. घोड्यावर रोज पहाटे बसणाऱ्या, त्याच हवेत कित्येक उन्हाळे काढलेल्या बावीस-तेवीस किंवा फार तर तिशीतल्या बाईला (तिच्या वयाबद्दल मतभेद आहेत) ते अशक्य नव्हते. शरीराला उन्हाची सवय लागते ही आता नीट अभ्यासलेली गोष्ट आहे. आठ-पंधरा दिवस उन्हात श्रम केले की घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रवांश वाढतो, हृदयावरचा ताण हलका होतो. ही सवय मोडते मात्र लवकर. काही आठवडे सावलीत गेले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

हे ज्ञान शास्त्ररूपाने नव्हे, पण अनुभवाने बंडवाल्यांजवळ होते. रोजने कळवले आहे की, गोऱ्यांवर सकाळी दहाच्या आत हल्ला करू नये, कारण उन्हात लढले की ते मरतात किंवा रुग्णालयात जातात, असा हुकूमच त्यांच्या छावणीतून निघाला होता. ७ मे रोजी कोंचच्या लढाईत याचा प्रत्यय आला. नुकतीच येऊन मिळालेली ७१वी हायलँडर पलटण या उन्हात नवखी. तिचे कित्येक शिपाई गोळी न लागता पडले आणि मेले. खुद्द रोज ऊन लागून घोड्यावरून खाली आला. वैद्यांनी अंगावर पाणी ओतून त्याला पुन्हा उभे केले. आजही उष्माघातावर पहिला इलाज हाच आहे. अंग आधी थंड करावे, बाकीचे मागून.

पण ऊन हे गोऱ्यांचेच वैरी आणि आपले स्नेही, ही समजूत तितकीशी खरी ठरली नाही. काल्पीकडे गोलावलीपर्यंत जी निकडीची मजल मारावी लागली तीत मुंबई इलाख्याच्या २५व्या देशी पलटणीचे चारशेहून कमी शिपाई होते. त्यांतील निम्म्याहून अधिक रांग सोडून वाटेत आडवे झाले. हे सारे याच देशात जन्मलेले, चार महिने चालून कसलेले लोक. सवयीलाही सीमा असते. झोप नाही, अंगावर ओझे आहे, पाण्याची पखाल मागे राहिली आहे, तर जन्माचा आणि रंगाचा काही उपयोग होत नाही.

२२ मे रोजी काल्पीपुढे बंडवाल्यांनी ऊन चढल्यावरच हल्ला चढवला आणि इंग्रजांची उजवी बाजू जवळजवळ मोडली. ऐन वेळी यमुनेपलीकडून आलेली उंटांवरची तुकडी धावून आली म्हणून ती सावरली. हा बेत फसला तो उन्हाने दगा दिला म्हणून नव्हे. ऊन आपल्या वेळेवर हजर होते. उंटावर बसून आलेला शिपाई मात्र पायांनी चालून थकलेला नसतो. एवढ्याशा गोष्टीवर त्या दिवसाचा निकाल फिरला. पुढे १७ जूनला ग्वाल्हेरजवळ कोट्याच्या सराईत ज्या इंग्रज घोडेस्वारांनी राणीच्या फौजेवर धाव घेतली, ते परत फिरले तेव्हा त्यांना खोगिरावर धड बसताही येत नव्हते, असे त्यांच्याच अधिकाऱ्याने लिहिले आहे.

गोडसे या धामधुमीत काल्पीकडच्या वाटेवर होते. एके ठिकाणी विहिरीजवळ त्यांना काही स्वार भेटले. त्यांतील एक पठाणी वेषातील, सर्वांग धुळीने माखलेली, तहानेने चेहरा लालसर झालेली राणी होती. तिने पाणी मागितले. भटजी मडके घेऊन पाणी काढू लागले, तेव्हा तिने त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावे हे तिला रुचले नाही. तिने स्वतः मडके विहिरीत सोडले, पाणी ओढले आणि ओंजळीने प्याली. मग घोडी काल्पीच्या दिशेने गेली.

विष्णुभटांना घरी परतायला पुढे बराच काळ लागला. ज्या द्रव्यासाठी ते निघाले होते त्यातले फारसे काही हाती उरले नव्हते. खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड मात्र होती. ती त्यांनी पायी चालत वरसईस आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.