खांदा, गाडी आणि सहा आठवडे

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर गाडी पुन्हा कधी चालवायची, हा प्रश्न शंभरएक वर्षांचाच आहे. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये खांद्याचा फाटलेला स्नायुरज्जू शिवला आणि १९११ मध्ये त्याची हकीकत छापली. त्या काळी गाडी सुरू करणे हेच अंगमेहनतीचे काम होते. पुढचा लोखंडी दांडा हाताने फिरवावा लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगटाजवळचे हाड मोडे. त्या मोडीला वैद्यकात ‘शोफरचे फ्रॅक्चर’ असे नावच पडले. १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. स्टिअरिंग मात्र जडच राहिले. फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात पॉवर स्टिअरिंग बनवले, पण ते विक्रीच्या मोटारीत आले १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमधून.

भारतात ही सोय फार उशिरा पोचली. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे. गिअर बदलताना दर वेळी डावा हात वर न्यावा लागे, आणि वळणावर जड चाक ओढायला दोन्ही खांदे लागत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी दिवसभर हेच केले.

दरम्यान शस्त्रक्रिया आटोपशीर झाली. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये खांद्याच्या वरच्या हाडाचा पुढचा भाग तासण्याची पद्धत मांडली. टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी गुडघ्यासाठी विकसित केलेल्या दुर्बिणीच्या तंत्राने पुढे खांद्यातही शिरकाव केला आणि मोठ्या छेदाची जागा बारीक छिद्रांनी घेतली.

छेद लहान झाला, तरी बरे होण्याची मुदत फारशी घटली नाही. रज्जू हाडाला पुन्हा धरायला जो वेळ घेतो, तो कातडीवरच्या छेदावर ठरत नाही. म्हणून रज्जू शिवल्यावर साधारण सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत राहतो. कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा, वाकून हात लंबकासारखा झुलवण्याचा व्यायाम आजही शिकवला जातो. गाडी बहुधा सहा ते बारा आठवड्यांनी हाती येते.

भारतीय गाडीत डाव्या खांद्याच्या रुग्णाला गिअर अडवतो, उजव्याच्या रुग्णाला सीटबेल्टचा पट्टा. ऑटोमॅटिक गिअरने पहिली अडचण सुटते, दुसरी नाही. डॉक्टर परवानगी देताना तीन गोष्टी पाहतात: झोळी सुटली आहे का, गुंगी आणणारी वेदनाशामके थांबली आहेत का, आणि अचानक कोणी आडवे आले तर दोन्ही हातांनी चाक झटकन वळवता येते का.