स्मृतिप्रवाही कथा : वृद्ध स्त्रीचे मन आणि झाडीपट्टी

वृद्ध स्त्रीच्या मनात आजचे भान आणि जुन्या आठवणी एकमेकींत मिसळून चालतात. त्या सरमिसळीतूनच उलगडणारी लघुकथा म्हणजे स्मृतिप्रवाही कथा. तिच्यात घटना नावापुरतीच असते: आजारपण, लांबलेली दुपार किंवा कोणाची तरी वाट पाहणे. या तंत्राला मराठी समीक्षेत ‘संज्ञाप्रवाह’ म्हणतात. मूळ कल्पना मानसशास्त्रातली. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात जाणिवेला प्रवाह म्हटले आणि १९१८ मध्ये मे सिंक्लेर यांनी डोरोथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना तो शब्द साहित्यात आणला.

या तंत्राचे सुरुवातीचे अनेक नायक तरुण पुरुष होते. आर्थर श्निट्झलर यांच्या १९०० मधील कथेत रात्रभर स्वतःशी बडबडणारा लष्करी अधिकारी आहे. खरे तर हे तंत्र म्हातारपणाला अधिक शोभते, कारण तिथे भूतकाळ मोठा आणि वर्तमान खाटेएवढा असतो. कॅथरिन ॲन पोर्टर यांची ‘द जिल्टिंग ऑफ ग्रॅनी वेदरऑल’ ही १९३० च्या संग्रहातील कथा या प्रकाराचा नमुना मानली जाते. ऐंशीच्या घरातली आजी मरणशय्येवर आहे. साठ वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी न आलेला नवरदेव, उशाशी बसलेली मुलगी आणि येतच नसलेली दुसरी मुलगी तिच्या मनात एकाच खोलीत वावरतात. काळ बदलल्याची सूचना लेखिका देत नाही. वाचकालाही आजीबरोबर चुकावे लागते. उतारवयात दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक दाटीने येतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. अशा कथांत लग्न आणि पहिले मूल पुन्हापुन्हा का येते, ते यावरून कळते.

मराठीत संज्ञाप्रवाह आला तो बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीतून. पुढे गंगाधर गाडगीळ यांच्या नवकथेने मध्यमवर्गीय शहरी मनाचे असे अनेक कोपरे धुंडाळले. विदर्भात त्याआधीच कथानकाचा आग्रह सैल झाला होता. कुसुमावती देशपांडे यांचा ‘दीपकळी’ (१९३४) आणि वामन चोरघडे यांचा ‘सुषमा’ (१९३६) हे संग्रह नवकथेच्या आधीचे आहेत. स्त्रीच्या मनाच्या अंतर्भागात कमल देसाई आणि नागपूरच्या आशा बगे अधिक खोल उतरल्या. तरीही मराठी कथेतली आजी बराच काळ नातवंडांच्या नजरेतूनच दिसत राहिली: मायाळू, खोडकर किंवा कर्मठ. तिच्या डोक्यात काय चालले आहे, हे क्वचितच कोणी विचारले.

या प्रकाराच्या सर्वांत जवळचे मराठी पुस्तक कथासंग्रह नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या आठवणी बोलण्याच्या ओघात येतात आणि दुःखाच्या ऐन मध्यात हसू फुटते. नागपूरहून गोंदियामार्गे जाणाऱ्या लोहमार्गावरचे राजनांदगावही त्यांत येते. मात्र हा प्रवाह श्रोत्याला उद्देशून आहे. मराठी बाईची आठवण अशीच, कोणाला तरी सांगण्यासाठी किंवा जात्याच्या घरघरीवर गाण्यासाठी, वाहत आली. ओवीत बापावरून भावावर, भावावरून विठोबावर जाताना कोणताही सांधा लागत नाही. संज्ञाप्रवाहाच्या अभ्यासकांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील गोंदिया जिल्ह्याचा या विषयाशी एक फार जुना संबंध जोडता येतो. आमगावजवळचे पदमपूर हेच संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. ‘उत्तररामचरित’ या त्याच्या नाटकाच्या पहिल्या अंकात राम आणि सीता स्वतःच्याच आयुष्याची चित्रे पाहतात, आणि पाहता पाहता भूतकाळ वर्तमानासारखा अंगावर येतो. तिसऱ्या अंकात पंचवटीच्या झाडापाण्यानेच रामाचे भान हरपते. स्मृतीवर उभारलेले इतके धीट नाटक संस्कृतात दुसरे सापडणे कठीण.

अलीकडच्या काळाची गोष्ट वेगळी. १९४० च्या सुमारास इथे जन्मलेल्या बाईने घर न बदलता मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र पाहिला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा गोंदिया जिल्हा झाला. तिच्या कालगणनेत यांतली एकही तारीख बहुधा नसते. तिला आठवते मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली ते वर्ष, जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन, चिखलातला रोवणा (भातलावणी), मोहफुले वेचायची पहाट, विड्या वळताना मांडीवरच्या सुपातले तेंदूपान. मामा (माजी मालगुजारी) तलाव भरला की नाही यावर ज्या घरात लग्ने ठरत, तिथे आठवणींचा क्रम पाण्यावरच लागणार. लेखकाला इथे वेगळी प्रतीके शोधावी लागत नाहीत. तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास पुरतो.

तरी या भागाची स्मृती छापील मराठीत आली ती बहुतांशी पुरुषांच्या तोंडून. नवेगावबांधच्या तळ्याकाठचे माधवराव पाटील डोंगरवार वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून महाराष्ट्राला माहीत झाले. त्याच वयाच्या, त्याच तळ्याकाठच्या बाईला असा लेखक लाभला नाही.

खरी अडचण भाषेची आहे. झाडीपट्टीच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो: डोळा ‘डोरा’, पाणी ‘पानी’. पोवार समाजाच्या घरातली म्हातारी चुलीपाशी पोवारी, बाजारात हिंदी आणि नातवाच्या शिक्षकांशी मराठी बोलते. सीमेकडच्या गावांत छत्तीसगढी आणि गोंडीही कानावर येतात. मग ती विचार कोणत्या भाषेत करते? उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मध्ये वऱ्हाडी संवादांना जो जिवंतपणा आहे, तो बोली संवादांत किती दूर जाऊ शकते हे दाखवतो. पण संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ही विभागणी संज्ञाप्रवाहात टिकत नाही, कारण इथे निवेदन हेच पात्राचे मन असते. प्रमाण भाषेत विचार करणारी देवरीची म्हातारी खोटी वाटते. हरिश्चंद्र बोरकर आणि झाडीबोलीच्या चळवळीतील इतरांनी या बोलीचा अभ्यास आणि लेखन दोन्ही पुढे नेले, त्यामुळे शब्दसाठ्याची सबब आता उरलेली नाही. उरतो तो संपादकीय प्रश्न. दर चार ओळींना अर्थाची तळटीप दिली, तर प्रवाह तुटतो आणि कथा बोलीचा पाठ होऊन बसते. ‘पऱ्हे’ म्हणजे भाताची रोपे, हे त्या बाईच्या वाकलेल्या पाठीवरूनच वाचकाला कळावे, अशी वाक्यरचना करणे अधिक कष्टाचे, पण जमण्यासारखे आहे.