स्मार्ट काच : नांदेड–लातूर परिसरातील उपयोग आणि बाजार

स्मार्ट काच : बटण दाबल्यावर, ऊन पडल्यावर किंवा तापल्यावर जिच्यातून जाणारा प्रकाश कमी-जास्त होतो अशी काच, किंवा साध्या काचेवर चिकटवून तोच परिणाम साधणारी फिल्म. आपोआप बदलणारी आणि विजेने बदलणारी असे तिचे दोन ढोबळ वर्ग पडतात. उन्हात काळसर होणारा चष्मा पहिल्या वर्गातला; इमारतींसाठी विकली जाणारी काच बहुतेक दुसऱ्या वर्गातली. विक्रेते तिच्या बाजूने दोन गोष्टी एका दमात सांगतात : ती आडोसा देते आणि ती खोली थंड ठेवते. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, पहिला दावा खरा ठरतो; दुसरा बहुतांशी उसना आहे. तो ज्या देशांत जन्मला तिथले ऊन वेगळे, घरे वेगळी आणि घर थंड करण्याची रीतही वेगळी. त्यामुळे इथे या काचेचे खरे गिऱ्हाईक घराच्या खिडकीत नाही. ते दवाखान्याच्या पार्टिशनमध्ये आणि रेल्वेच्या डब्यात सापडते.

दोन्ही दावे एकाच मालाला लागू होत नाहीत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडे सर्वांत सहज मिळते ती द्रवस्फटिकांची, म्हणजे पीडीएलसी फिल्म. प्लॅस्टिकच्या पातळ थरात द्रवस्फटिकाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात आणि त्या थराच्या दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप असतो. वीज बंद असताना थेंबांतले रेणू वेडेवाकडे असतात, प्रकाश विखुरतो आणि काच दुधी दिसते. पुरेशा व्होल्टेजचा प्रत्यावर्ती प्रवाह दिला की रेणू एका दिशेला वळतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पलीकडचे दिसू लागते. वीज गेली की काच आपोआप दुधी होते, म्हणजे महावितरणचा पुरवठा खंडित झाला तरी आडोसा टिकतो. मात्र दुधी काच प्रकाश अडवत नाही, फक्त विखुरते. त्यातला बराचसा भाग पुढे खोलीतच उतरतो, आणि त्याबरोबर उष्णताही. उष्णता अडवण्याचे काम करते ती विद्युतरंजी, म्हणजे इलेक्ट्रोक्रोमिक काच. तिच्यात टंगस्टन ऑक्साइडचा थर असतो. काही व्होल्टचा एकदिश प्रवाह दिल्यावर त्यात लिथियमचे आयन शिरतात आणि काच निळसर गडद होते. उलटा प्रवाह दिला की ती उजळते. एकदा गडद झाली की ती तशी टिकवायला फारशी वीज लागत नाही. मात्र मोठे तावदान पूर्ण बदलायला कित्येक मिनिटे लागतात. टंगस्टन ऑक्साइडच्या या गुणावर सत्येन देब यांनी १९६९ मध्ये शोधनिबंध लिहिला. बोइंग ७८७ विमानाच्या खिडक्यांना झडप नसते, तिथे विद्युतरंजी काच असते. २०१२ पासून एअर इंडियाच्या ताफ्यातही ती आहे. तरंगत्या कणांची तिसरी जात मुख्यतः महागड्या मोटारींच्या छतात दिसते. तापून बदलणाऱ्या व्हॅनेडियम डायऑक्साइडची अडचण अशी, की शुद्ध रूपात तो ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलतो. त्यात टंगस्टनची भेसळ करून हा आकडा खाली आणावा लागतो. बाजारात मात्र फिल्म आणि विद्युतरंजी काच या दोन्हींना एकच नाव आहे, आणि एकीचे गुण दुसरीच्या पत्रकात छापले जातात.

हवा आणि उजेड बेताने आत घेण्याची युक्ती या भागाला नवी नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घराला बाहेरच्या भिंतीत खिडकी असली तर लहान. जाड भिंती, वर मातीचा जड थर आणि उजेडासाठी माळवदात एक साणे, म्हणजे छताला ठेवलेले भोक. पावसात किंवा कडक उन्हात त्यावर फरशी किंवा पत्र्याचा तुकडा सरकवायचा, संध्याकाळी काढायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे हे त्या मृत्यूंचे मोठे कारण होते. त्यानंतर माळवदावरचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि सिमेंटचा स्लॅब हीच सुरक्षिततेची खूण झाली. भूकंपाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, पण उन्हाच्या दृष्टीने घर उघडे पडले. पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. पुढे दुकानांच्या आणि शिकवणी वर्गांच्या इमारतींना रस्त्याच्या बाजूने निळ्या-हिरव्या आरशासारख्या काचेचे दर्शनी भाग आले. उन्हाशी असलेला जुना करार असा दोनदा मोडला. स्मार्ट काच विकणारा आज तो करार परत जोडून देतो म्हणतो, तेव्हा खोलीत शिरणारी उष्णता येते तरी कुठून, हे पाहणे भाग आहे.

नांदेड १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे, लातूर जरा खाली. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, जूनमध्ये किंचित उत्तरेला कलतो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावर येतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक दिवसांत भर दुपारचे ऊन उभ्या खिडकीवर जवळपास पडतच नाही. ते स्लॅबवर पडते. दोन फुटांचा साधा छज्जा दक्षिणेची आणि उत्तरेची खिडकी तेव्हा पूर्ण सावलीत ठेवतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४७ अंशांपर्यंत उतरतो आणि त्याचे ऊन थोडे आत येते. ते इथे कुणालाच नको असते असे नाही. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात सूर्य बराच काळ तिरपा राहतो. तिथे हिवाळ्यात ऊन आत हवे आणि उन्हाळ्यात नको, म्हणून ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या काचेला अर्थ आहे. मराठवाड्यात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत उत्तर एकच असते : ऊन बाहेरच अडवा. जे उत्तर एवढे महिने बदलत नाही, त्यासाठी बदलणारी काच कशाला? उष्णता काचेच्या बाहेर थांबवणे आणि काचेपर्यंत येऊ देऊन मग काच गडद करणे यांतही फरक आहे. गडद काच ऊन शोषते, स्वतः तापते आणि काही उष्णता आत टाकतेच. म्हणूनच चांगल्या प्रतीच्या दुहेरी काचेत हा थर बाहेरच्या तावदानावर देतात.

दुसरे कारण खोली थंड करण्याच्या रीतीत आहे. या दोन जिल्ह्यांतली असंख्य घरे उन्हाळा कूलरवर काढतात. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या, खाली पंप आणि पाण्याची टाकी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, पण एका अटीवर : आत आलेली ओलसर हवा दुसऱ्या खिडकीने बाहेर गेली पाहिजे. खोली बंद केली की तासाभरात अंग चिकट होते. स्मार्ट काचेच्या वीजबचतीचे हिशेब बंद खिडकीच्या, एसी लावलेल्या खोलीचे असतात. काच गडद झाल्यामुळे एसी किती कमी चालला, तेवढी बचत. जिथे एसीच नाही आणि खिडकी उघडी ठेवायची आहे, तिथे हे गणित सुरूच होत नाही.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. पश्चिमेच्या भिंतीला छज्जा पुरत नाही. मेमध्ये दुपारी साडेचारला नांदेडला सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटांचा छज्जा खिडकीवर जेमतेम फूटभर सावली टाकतो, उरलेली खिडकी उन्हात. दाट वस्तीत रस्ताच पश्चिमेला असेल तर दर्शनी भागही तिकडेच येणार. आक्षेप मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. तिरप्या उन्हाला उभे आडोसे लागतात : भिंतीतून बाहेर काढलेल्या पट्ट्या, बाहेरून सोडलेली बांबूची चिक, जाळीदार विटांची भिंत, पाणी असेल तर वाळ्याचा पडदा. हे सगळे काचेच्या बाहेर काम करते आणि वीज मागत नाही. ज्या इमारतीला काचच हवी आहे, तिच्यासाठीही न बदलणारी चांगली काच आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ मध्ये आपल्या उष्ण हवामानातल्या मोठ्या व्यापारी इमारतींच्या उत्तरेखेरीज इतर खिडक्यांना सौरउष्णतेच्या गुणांकाची ०.२७ ही मर्यादा घातली. म्हणजे काचेवर पडलेल्या उष्णतेपैकी फार तर २७ टक्के आत यावी. लेप दिलेली साधी दुहेरी काच हे करू शकते. विद्युतरंजी काच गडद अवस्थेत हा आकडा ०.१० च्या आसपास नेते, हे तिचे श्रेय. पण त्या वरच्या फरकासाठी किती पैसे मोजायचे, हा प्रश्न कंत्राटदाराला टाळता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की सौर पॅनेल स्वस्त झाले तशी ही काचही होईल. कदाचित होईलही. पण पॅनेल वीज कमावून आपली किंमत फेडते. या काचेची स्पर्धा छज्ज्याशी आणि चिकेशी आहे, आणि ते आधीच स्वस्त आहेत. शिवाय काच धुवावी लागते. धुळीने माखलेल्या तावदानाची पारदर्शकता बटणाने परत येत नाही, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात काचेची अख्खी भिंत धुण्याचा खर्च हिशेबात धरायलाच हवा.

उष्णतेचा मुद्दा बाजूला ठेवला की आडोशाचे पारडे जड दिसते. अतिदक्षता विभागात रुग्णांमधले कापडी पडदे सतत हाताळले जातात, त्यांवर जंतू राहतात आणि ते धुण्याची व्यवस्था वेगळी लागते. दुधी होणारी काच पुसली की झाले. तपासणीच्या खोलीत, बँकेच्या आतल्या केबिनमध्ये, शिकवणी वर्गाच्या कार्यालयातही हाच उपयोग. हे सगळे इमारतीच्या आतले, सावलीतले काम आहे, म्हणून फिल्मचा उष्णतेबाबतचा दुबळेपणा तिथे आड येत नाही आणि टिकाऊपणाही वाढतो. बसवण्याचे काम मात्र नाजूक आहे. टफन्ड काच पुसून कोरडी करायची, फिल्म एका कडेने बुडबुडे न राहू देता चिकटवायची, तांब्याच्या पट्टीला जोडलेल्या बारीक वायरी ॲल्युमिनियम सेक्शनच्या खाचेतून ट्रान्सफॉर्मरपर्यंत न्यायच्या. फॅब्रिकेशनवाल्याच्या हातात नेहमी असते ते व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन. तेच कडेला भरले तर त्यातले आम्ल फिल्मच्या कडा खराब करते आणि तिथून पांढरे डाग आत सरकू लागतात. न्यूट्रल सिलिकॉन वापरायचे एवढे एक वाक्य माहीत नसल्याने चांगला माल वाया जाऊ शकतो.

दुसरे खरे गिऱ्हाईक रेल्वे. धावत्या गाडीची दिशा सतत बदलते, बाहेर छज्जा काढता येत नाही आणि एसी डब्याची खिडकी उघडत नाही. घराबाबत जे मुद्दे स्मार्ट काचेच्या विरुद्ध जातात ते सगळे इथे तिच्या बाजूने वळतात. करोनाच्या काळात रेल्वेने एसी डब्यांतले पडदे काढले होते आणि मार्च २०२२ मध्ये ते परत लावण्याचा आदेश निघाला, तेव्हा न धुवावा लागणारा आडोसा ही कल्पना निव्वळ चैनीची नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये हावडा–न्यू जलपैगुडी मार्गावरच्या एका गाडीच्या एसी फर्स्ट क्लासमध्ये द्रवस्फटिकांच्या खिडक्या बसवल्या गेल्या. त्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, लातूरजवळच्या हरंगुळच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या भागीदारीला स्लीपर वंदे भारतच्या १२० गाड्यांचे काम मिळाले आणि त्यासाठी हाच कारखाना ठरला. एका गाडीला १६ डबे धरले तरी १,९२० डबे होतात. एवढ्या तावदानांचा ग्राहक या दोन जिल्ह्यांत दुसरा नाही. अडचण दगडफेकीची आहे. वंदे भारतच्या काचा फुटण्याच्या बातम्या देशभरातून येत राहतात, आणि वायरींसकट तावदान बदलणे साध्या काचेपेक्षा महाग पडते. म्हणून सगळ्या खिडक्यांऐवजी फर्स्ट क्लासच्या कूपेपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

जागतिक बाजाराच्या वाढीचे आकडे वाचताना सावध राहावे लागते. मोजणीत काय धरले यावर ते ठरतात. मागच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपू नयेत म्हणून आपोआप गडद होणारा मोटारीचा आरसाही विद्युतरंजीच असतो, आणि तो धरला की बाजार एकदम मोठा दिसतो. इमारतींच्या काचेचा अनुभव वेगळा आहे. कॅलिफोर्नियाची व्ह्यू ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. सेज ही दुसरी अमेरिकी कंपनी २०१२ मध्ये फ्रान्सच्या सेंट-गोबेन या बड्या काच कंपनीच्या पंखाखाली गेली. मागणी होती, पण या धंद्याच्या मोठ्या भांडवली खर्चाला पुरेल इतकी नव्हती. महाराष्ट्रात या विषयाचे ज्ञान मात्र जुने आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रमोद पाटील यांच्या गटाने तापलेल्या काचेवर द्रावण फवारून टंगस्टन ऑक्साइडचे थर तयार करण्यावर दीर्घकाळ काम केले. ही पद्धत स्वस्त आहे, निर्वात यंत्रणा मागत नाही. प्रयोगशाळेतला नमुना काही सेंटिमीटरचा असतो. तोच थर मोठ्या तावदानावर सारखा बसवणे, कडा हवाबंद करणे आणि हजारो वेळा उघडझाप झाल्यावरही रंग टिकवणे ही कामे कारखान्याची आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही पातळ थरांवर रासायनिक पद्धतीने काम होते. हरंगुळचा कारखाना तिथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे, आणि डब्याच्या खिडकीचे तावदान घराच्या काचेच्या भिंतीपेक्षा कितीतरी लहान असते.