हुंडा परत केला, मग पोटगी कशाची?

"हुंडा वापस देल्ला ना बाप्पा, मंग आता कायची पोटगी?"

अकोल्यातल्या एका बैठकीत हे वाक्य ऐकलं, त्याला बरीच वर्षं झाली. नात्यातल्या एका मुलीचं सासरी पटलं नव्हतं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जमली होती आणि अक्षर बरं म्हणून कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर ठरलेलाच होता. हुंड्याची रक्कम, दोन तोळे सोनं, आंदणातलं कपाट आणि भांडी परत मिळाली. यापुढे मुलगी पोटगी मागणार नाही. दोघं आपापल्या वाटेने मोकळे. स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, चहा झाला, मंडळी उठली. मुलगी आतल्या खोलीत होती. तिची सही आतच घेतली.

अमरावती-अकोल्याकडे कोणी या कागदाला फारकत म्हणतं, कोणी सोडचिठ्ठी. त्यातला हिशेब सगळ्यांना सरळ वाटतो, कारण तो किराणा दुकानातल्यासारखा असतो: घेतलं तेवढं दिलं, खातं बंद. पण कायद्याच्या वहीत ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातली रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही.

मला वाटतं या हिशेबाचं मूळ देजात असावं. आपल्याकडच्या कितीतरी शेतकरी आणि कारागीर जातींत पूर्वी हुंडा नव्हता, देज होतं. म्हणजे वरपक्षाने मुलीच्या बापाला पैसे द्यायचे. काडीमोड झाला की ते परत करायचा प्रश्न यायचा. पुढे देज मागे पडलं, वरच्या जातींतला हुंडा खाली झिरपला, पैशाची दिशा उलटली. परत करून मोकळं होण्याची रीत मात्र तशीच राहिली. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

पोटगीची गोष्ट वेगळी. इंग्रजांच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, १८९८च्या कलम ४८८ मध्ये, ती होती. ऐपत असून बायकोमुलांना उपाशी ठेवणाऱ्याला मॅजिस्ट्रेट दरमहा रक्कम भरायला लावू शकत असे. जात-धर्म न बघता. मर्यादा आधी ५० रुपये होती, मग १००, १९५५ मध्ये ५००. हे पाचशे रुपये नव्या संहितेच्या कलम १२५ मध्येही तसेच आले आणि केंद्राच्या कायद्यातली ती मर्यादा थेट २००१ मध्ये निघाली. शेहेचाळीस वर्षं! तेवढ्या काळात सोन्याचा भाव कुठून कुठे गेला ते वऱ्हाडातल्या कुठल्याही मुलीच्या बापाला विचारा.

घटस्फोटातही वऱ्हाड मागेच राहिलं. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, पण वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं. पुण्या-मुंबईच्या बाईला मिळालेली वाट अमरावतीच्या बाईला १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाली. त्या कायद्याने रूढीने चालत आलेली फारकत राखली खरी, पण तशी रूढी आपल्या जातीत आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नाहीतर स्टॅम्पपेपर कितीचाही असो, लग्न कायमच राहतं.

आता हुंडा. १९६१चा हुंडा प्रतिबंधक कायदा सगळ्यांना नावाने माहीत आहे. घेणारा गुन्हेगार, देणाराही गुन्हेगार. (मुस्लिम लग्नातला मेहर यात येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.) पण त्याचं सहावं कलम फारसं कोणी वाचत नाही. हुंडा दुसऱ्या कोणी घेतला असेल तर तो तीन महिन्यांच्या आत त्या मुलीला द्यायचा आणि देईपर्यंत तिच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायचा, असं ते सांगतं. म्हणजे जो पैसा घेणं गुन्हा, तो पैसा मालकीने तिचा! स्त्रीधनाबद्दलही सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये, प्रतिभा राणीच्या खटल्यात, हेच म्हटलं: ते तिचं, नवऱ्याकडे फक्त ठेव.

मग त्या बैठकीतल्या कागदाकडे पुन्हा बघा. सासरने मुलीला तिचीच रक्कम परत केली आणि ती पोटगीच्या बदली धरली. तिची पोटगी तिनेच भरली. आणि ती रक्कमही बहुतेकदा बापाच्या हातात जाते, त्याने घेतलेलं कर्ज फेडायला.

हे कर्ज वऱ्हाडात साधं नाही. डिसेंबर २००५ मध्ये कापूसपट्ट्यातल्या सहा जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने पॅकेज जाहीर केलं, त्यात सामूहिक विवाहांसाठीही तरतूद होती. शेतीच्या पॅकेजमध्ये लग्न! गाडगेबाबा कर्ज काढून लग्न करू नका म्हणून घसा कोरडा करत याच भागात फिरले होते. हुंड्याविरुद्ध कीर्तनं झाली, भजनं झाली. पोटगीवरचं कीर्तन काही मी अजून ऐकलेलं नाही.

शेतीचा आणि हुंड्याचा संबंध कोर्टातही गेला. महाराष्ट्रातल्याच आप्पासाहेब खटल्यात, २००७ मध्ये, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की घरखर्चासाठी किंवा खतासाठी माहेरून पैसे मागणं म्हणजे हुंडा नव्हे. मुलगी विष पिऊन गेलेली होती. आरोपी हुंडाबळीच्या आरोपातून सुटले. आपल्याकडे आषाढात खताला पैसे आण म्हणून सुनेला माहेरी धाडतात, ते कोणाला माहीत नाही? २०१५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ बरोबर नसल्याचं सांगितलं. लग्नाशी संबंध असेल तर मागणी कशासाठी आहे याने फरक पडत नाही. तोवर आठ वर्षं गेली होती.

पोटगीला मात्र हुंडा दिला की नाही याच्याशी कर्तव्यच नाही. एक रुपया न देता झालेल्या लग्नातही ती लागू. तिथे नवऱ्याची मिळकत आणि बाईची गरज बघतात. परस्परसंमतीने घटस्फोट झालेल्या बाईलाही कलम १२५ खाली मागता येते, हे १९९५ मध्येच वनमाला खटल्यात ठरलं आहे. आणि पोटगी कधीच मागणार नाही असं लिहून घेतलेलं कलम कोर्टं सहसा मानत नाहीत. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ चं नव्या संहितेत कलम १४४ झालं. मजकूर जवळपास तोच.

याबाबतचा अलीकडचा मोठा निकाल आपल्या शेजारच्या नागपूरच्या प्रकरणातला. रजनीश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. बायकोने २०१३ मध्ये अर्ज केला होता आणि अंतरिम पोटगीची वसुली सात वर्षांनंतरही चालूच होती. सुप्रीम कोर्टाने देशभरच्या कोर्टांना सांगितलं की दोघांकडूनही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्या. थकवली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

हुंड्याच्या सहाव्या कलमात अजून एक तरतूद आहे, १९८६ मध्ये घातलेली. लग्नानंतर सात वर्षांत बाई अनैसर्गिक कारणाने गेली, तर तिचा हुंडा तिच्या मुलांना जातो. मुलं नसतील तर आईवडिलांना.