ठिपक्यांची भूमिती आणि बिननावाचा चौकोन

वर्तमानपत्राच्या कागदाला आडव्या-उभ्या घड्या घालून रेघा पाडायच्या आणि रेघा जिथे छेदतात तिथे पेटलेल्या उदबत्तीचं टोक टेकवत जायचं. हा कागद अंगणात पसरून वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके उमटतात. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या कुरुंद्यातच काय, अख्ख्या वसमत तालुक्यात ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. ठिपक्यांच्या मांडणीची भाषाही नेमकी आहे. ‘९ ठिपके ९ ओळी’ म्हणजे सरळ चौकोन. ‘१३ ते ७’ म्हणजे मधल्या ओळीत १३ ठिपके आणि वर-खाली जाताना दर ओळीला एकेक कमी करत ७ वर थांबायचं. दोन ओळींतले ठिपके एकमेकांच्या मधोमध येतात आणि बाहेरची कड आपोआप षटकोनी होते. पहिल्या मांडणीतून चौकटी निघतात, दुसरीतून सहा पाकळ्या. कंपास नाही, कोनमापक नाही, तरी प्रमाण चुकत नाही.

एवढी काटेकोर भूमिती जिथे रोज सकाळी सडा टाकून काढली जाते, तिथे भौमितिक अमूर्त चित्रकला फार जुनी असली पाहिजे, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. अनेक चित्रप्रदर्शनांच्या पुस्तिकांत तो काढलेलाही असतो. मला तो पटत नाही. रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा, हे काय आहे? ती गोंधळणार नाही. हे कमळ, हे कासव, ही लक्ष्मीची पावलं. चातुर्मासात रोज ३३ गोपद्मं काढायची असतात, ती गाईची पावलं असतात. ३२ काढून भागत नाही. चैत्रगौरीपुढच्या चैत्रांगणात तर सूर्य, चंद्र, शंख, चक्र, तुळशीवृंदावन अशी सगळी यादीच मांडलेली असते. आकार सरळ रेघांचे आणि वळणांचे असतील, पण प्रत्येकाला नाव आहे, मान आहे, दिवस आहे. भूमिती इथे कशाची तरी आहे.

वारल्यांच्या लग्नचौकाचंही तेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस, वर्तुळ म्हणजे सूर्य किंवा चंद्र, आणि चौकोनात बसलेली पालघाट देवी. हा चौक सवाशिणी काढत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागातल्या पाड्यांवर पोचले, कागद आणि रंग दिले, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या पुरुषाच्या हातून ही चित्रकला भिंत सोडून बाहेर पडली. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन या तिघांवर उभी असलेली याहून शुद्ध भाषा महाराष्ट्रात नाही. पण त्या चित्रात माणूस नाचतो, झाड वाढतं, मासे पोहतात. यात अमूर्त काय?

चित्रांची वर्गवारी करण्याची खटपट जुनी आहे. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात चित्रांचे प्रकार दिले आहेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखं हुबेहूब ते विद्ध. साम्याची सक्ती न ठेवता केवळ आकारापुरतं काढलेलं ते अविद्ध. आणि कोरड्या रंगचूर्णाचं ते धूळिचित्र, म्हणजे आपल्या रांगोळीचं घराणं. धुळीचं चित्र अविद्धाच्या पोटात न घालता वेगळं ठेवलेलं आहे. हातात भुकटी आहे की ओला रंग, हा एक प्रश्न. चित्र कशासारखं दिसतं, हा दुसरा. आजच्या गोंधळापेक्षा हे बरंच स्वच्छ वाटतं.

कशाचाच नसलेला चौकोन मात्र आला तो युरोपातून. डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडला भरलेल्या ‘०,१०’ नावाच्या प्रदर्शनात काझिमिर मालेविचने पांढऱ्यावर काळा चौकोन रंगवून तो दोन भिंतींच्या कोपऱ्यात, छताजवळ टांगला. रशियन घरात ती जागा देवाच्या तसबिरीची. म्हणजे चौकोनाला अर्थातून मोकळं करणाऱ्या माणसालाही तो देव्हाऱ्यातच नेऊन बसवावासा वाटला! स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या बाईंनी तर १९०६ पासूनच मोठमोठी वर्तुळं आणि चक्रं रंगवायला घेतली होती, पण त्यांच्या लेखी तो परलोकातून आलेला संदेश होता. १९३० मध्ये डच चित्रकार थिओ फान डूसबुर्गने सरळच सांगून टाकलं की रेघ, रंग आणि पृष्ठभाग यांपलीकडे चित्रात काही शोधू नका. अर्थ झटकायला युरोपलाही वेळ लागला तो असा. भारतात ही हवा लवकर पोचली होती. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला जर्मनीच्या बाउहाउस शाळेतल्या कलावंतांची चित्रं मांडली गेली होती.

मराठीत गंमत अशी झाली की चित्राआधी तत्त्वज्ञान आलं. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीचं सौंदर्य तिच्या विषयात नसून संवेदनांच्या परस्परसंबंधांत असतं, असं मांडलं आणि त्या संबंधांचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध, समतोल. लाल रंगाशेजारी हिरवा का ठेवायचा, याचं उत्तर देताना झाडाचं किंवा साडीचं नाव काढायची गरज त्यांनी ठेवली नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ चं. मर्ढेकर पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्यानंतर सौंदर्यशास्त्राच्या वादांत उतरलेल्यांपैकी एकाचं आडनाव आमच्या गावावरून आलेलं आहे. नरहर कुरुंदकर. जन्म नंदापूरचा, १९३२ चा. आयुष्य नांदेडच्या पीपल्स कॉलेजात गेलं. पण घराणं कुरुंद्याचं. त्यांना लोक इतिहासासाठी आणि राजकारणासाठी वाचतात, ‘रूपवेध’ फारसं कुणी उघडत नाही. सौंदर्यशास्त्र हा त्यांचा आतला विषय होता.

मर्ढेकरांच्या सूत्रात चपखल बसतील अशी चित्रं पुढे काढणारा मराठी घरातला माणूस तेव्हा मुंबईत काम करतच होता. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ चा, मूळ गोव्याचे. १९४८ ला मुंबईच्या जे. जे. कला शाळेतून पदविका घेतली. चित्रकार पॉल क्लेच्या प्रभावाखाली त्यांनी सुरुवातीला चित्राचे चौकोनी-त्रिकोणी तुकडे पाडून पाहिले. आणि मग, १९५० चं दशक संपता संपता, ते तुकडे टाकून दिले. उरला तो रोलरने आणि रंगाच्या सुरीने थरावर थर चढवलेला, मध्येच खरवडलेला रंग. आपल्या अमूर्ताच्या कुळकथेतला खरा सांधा मला इथे दिसतो. अमूर्ताकडे जाताना गायतोंड्यांना भूमिती पूल म्हणून उपयोगी पडली, पण पलीकडे गेल्यावर त्यांनी तो ठेवला नाही. अकोल्याचे आंबादास खोब्रागडे तेच करताना दिसतात. त्यांच्या कॅनव्हासवर कुंचल्याचे लांब, वळवळते फटकारे आहेत, कोन एकही नाही. प्रभाकर कोलत्यांच्या चित्रांतही रंग वाहतो, विरतो.

का बरं? माझा तर्क असा: आपल्याकडे त्रिकोण काढला की शक्ती येते, वर्तुळ काढलं की सूर्य, बिंदू काढला की कुंकू. अर्थाशिवायचा चौकोन काढायला इथे जागाच रिकामी नव्हती. नाव नको असेल तर आकारच सोडावा लागला. स्वतः गायतोंड्यांना आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं आवडत नसे, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

ज्यांनी भूमिती धरून ठेवली त्यांनी अर्थही धरून ठेवला. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कला शाळेत शिकले, मग जे. जे., मग १९५० पासून सहा दशकं फ्रान्स. लहानपणी मंडला जिल्ह्यातल्या शाळेत मास्तरांनी चंचल पोराचं लक्ष एका जागी ठरावं म्हणून भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत. त्यांचा काळा बिंदू, त्याभोवतीचे त्रिकोण, पंचमहाभूतांचे पाच रंग, कुठे कुठे कॅनव्हासवरच लिहिलेली देवनागरी ओळ! पॅरिसच्या भिंतीवर हे चित्र अमूर्त म्हणून लागलं असेल. कुरुंद्याची एखादी आजी त्यात बीज आणि सूर्य एका नजरेत ओळखील, आणि तिचं चुकलेलं नसेल.

एकच मोठा अपवाद, नसरीन मोहमदी. कराचीत १९३७ ला जन्म, वाढल्या मुंबईत; तिथल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंड्यांच्या शेजारात काम केलं, आणि १९७२ पासून १९९० मध्ये वारल्या तोवर बडोद्याला शिकवलं. आरेखनाची उपकरणं, शाई, पेन्सिल आणि कागद. रेघांमागून रेघा, कधी जाळी, कधी नुसत्या तिरप्या. चित्रांना त्यांनी नावं दिली नाहीत. त्यांनी काढलेली छायाचित्रं त्या हयात असताना लोकांपुढे आली नव्हती; ती पाहिली की कळतं, वाळूवरचे ओघळ, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणे यांच्याकडे ही बाई किती रोखून बघत होती. पण कागदावर येताना वाळूही गेली आणि मागही गेला. चौकोनाला बिननावाचं ठेवणं आपल्याकडे कुणाला पुरतं साधलं असेल, तर ते यांना.

धुळीचं चित्र इकडे उलट्या दिशेने निघालं आहे. गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी रांगोळीत छाया-प्रकाश आणला, माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती भुकटीत उतरवून दाखवली, आणि त्या हातसफाईला तोड नाही. पण त्या पायी स्पर्धांचा निकष बदलला. आता कुठल्याही गावच्या रांगोळी स्पर्धेत जा: पहिलं बक्षीस शिवाजी महाराजांच्या हुबेहूब चेहऱ्याला असतं, दुसरं बाबासाहेबांच्या किंवा ज्ञानेश्वर माउलींच्या. ‘१३ ते ७’वाली उत्तेजनार्थातही बसत नाही, परीक्षक तिला ‘साधी’ म्हणतात. चित्रकारांनी सोडलेलं विद्धचित्र रांगोळीवाल्यांनी उचललं, आणि सोमेश्वराच्या यादीतले दोन वेगळे प्रकार आठ-नऊशे वर्षांनी शाळेच्या पटांगणात एक झाले.