फाटक्या सुराची कुळकथा

रॉक संगीताची जन्मपत्रिका मांडू पाहणाऱ्यांचे एकमत कधी झालेले नाही, आणि ते व्हावे अशी निकडही कोणास वाटू नये. परंतु त्या संगीतात विद्युत्-गिटारचा जो एक खरखरीत, कानावरून करवतीसारखा फिरणारा फाटका सूर कुलचिन्ह म्हणून मिरवला गेला, त्याचा माग काढीत मागे जाणाऱ्यास बहुधा एका मोडक्या पेटीपाशी येऊन थांबावे लागते.

मार्च १९५१ मध्ये मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल गावाहून आयक टर्नर या एकोणीस वर्षांच्या तरुणाचा 'किंग्ज ऑफ ऱ्हिदम' हा ताफा मोटारीने मेम्फिसला निघाला. तेथे युनियन अॅव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाच्या जागेत सॅम फिलिप्स याने वर्षभरापूर्वी ध्वनिमुद्रणाचे दुकान थाटले होते. ताफ्यातील गिटारवादक विली किझार्ट याच्या ध्वनिवर्धकाची पेटी प्रवासात निकामी झाली. ती मोटारीच्या टपावरून पडली असे एक साक्ष सांगते, पावसात भिजली असे दुसरी. जबान्या जुळत नाहीत, मात्र मुद्देमालाविषयी दुमत नाही. पेटीतील कर्ण्याचा कागदी शंकू फाटलेला होता. दुरुस्तीची सोय नव्हती, म्हणून फिलिप्सने त्या भोकात कागद कोंबला आणि वाजवून पाहावयास सांगितले. निघालेला आवाज त्याला सॅक्सोफोनसारखा भासला, तो आवडला. आणि सावध माणसाने जो सूर मागे दडविला असता, तो त्याने बेधडक पुढे आणला.

येथे अपघाताचे माहात्म्य वाढविण्याचा मोह पडतो. पण फाटके कर्णे त्यापूर्वीही अनेकांच्या नशिबी आले असतील. फाटलेपणात गुण ओळखणारा कान त्या दिवशी हजर होता, ही खरी हकीकत आहे.

गुण तरी कोणता? निर्वात नळ्यांच्या वर्धकावर त्याच्या आवाक्याबाहेरचा भार पडला की स्वरलहरीची शिखरे छाटली जातात, आणि त्या छाटणीतून मूळ स्वराच्या पटीतले नवे उपस्वर उगवतात. फाटका कागद त्यात आपली थरथर मिसळतो, आणि तारेचा सूर पत्तीवर फुंकून वाजणाऱ्या वाद्याच्या जातीत जाऊन बसतो. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडी घासून आणि तारेखाली सूत सारून उपस्वरांची अशीच आराधना करीत असतो. नाते अर्थात तत्त्वाचे, रक्ताचे नव्हे.

सॅक्सोफोनची ही ओढ किझार्टच्या पेटीपूर्वीची आहे. वाद्यवृंदात गिटार हे भिडस्त वाद्य. पितळी वाद्यांच्या गजरात त्याचा आवाज लोपून जाई. टेक्सासचा टी-बोन वॉकर, जो बालपणी डॅलसच्या रस्त्यांवर ब्लाइंड लेमन जेफरसन या अंध गायकाचा हात धरून हिंडला होता, त्याने गिटारला विजेची जोड देऊन एकेका स्वराची लांब, श्वास घेत चालणारी वाक्ये रचली आणि तिला वाद्यवृंदाच्या पुढच्या पंक्तीत पाट मिळवून दिला. १९४७ मधील त्याचे 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' ऐकताना सूर मात्र स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा लागतो. शिकागोत मडी वॉटर्सने वीज पत्करली ती निराळ्या गरजेने: गुत्त्यांतील कल्लोळापुढे साध्या गिटारचे काही चालेना.

मेम्फिसच्या त्या मुद्रिकेचे नाव 'रॉकेट ८८'. तीत किझार्टची गिटार खालच्या सप्तकात बूगीची ठेकेदार आवर्तने घुमवीत राहते. एकल वादनाचा मान अद्याप रेमंड हिलच्या सॅक्सोफोनचाच आहे. शिकागोच्या चेस कंपनीने ती प्रसिद्ध केली, आणि जूनमध्ये ती 'बिलबोर्ड'च्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत अग्रस्थानी पोहोचली. चकतीवर नाव आले ते गायक जॅकी ब्रेन्स्टन 'आणि त्याचे डेल्टा कॅट्स' यांचे. ताफा ज्याचा, त्या टर्नरच्याच नावाची जेथे वासलात लागली, तेथे किझार्टची नोंद कोण घेणार?

पुढे वंश वाढला, तो बुद्धिपुरस्सर केलेल्या मोडतोडीने. फिलिप्सच्याच दुकानात १९५४ मध्ये पॅट हेअरने जेम्स कॉटनच्या 'कॉटन क्रॉप ब्लूज'मध्ये गिटार अक्षरशः गुरगुरविली. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे याने पेन्सिलीने कर्ण्याला भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने पात्याने त्याच्या चिंध्या केल्या. दरम्यान नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या मुद्रणात यंत्रातील एक बिघाड तसाच राहू दिला गेला, आणि ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने तो बिघाड हुकमी घडवून आणणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने त्याची पायाने चालविण्याची पेटी बाजारात आणली. गंमत अशी की तिची भलामण करताना कंपनीने ती गिटारमधून पितळी वाद्यांचे व चेलोचे आवाज काढते असा डांगोरा पिटला, आणि गिऱ्हाईक फिरकेना.

१९६५ च्या मे महिन्यात कीथ रिचर्ड्सने 'सॅटिसफॅक्शन'च्या मुद्रणात हीच पेटी पायाखाली घेतली. त्याच्या मनात तो केवळ कच्चा आराखडा होता. ते आवर्तन पुढे पितळी वाद्यांनी वाजवावयाचे, गिटारने तूर्त त्यांची जागा धरून ठेवावयाची. परंतु मुद्रिका तशीच बाहेर पडली, वर्ष सरण्यापूर्वी दुकानांतील पेट्या संपल्या, आणि त्या वादकांना बोलावणे गेलेच नाही.