जुनी जीप आणि काळी माती

जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. तिच्या काठच्या अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत काळी माती खोल आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि एका चांगल्या पावसात पाणंदीचा राडा होतो. इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना मिळत असेल, तर ती जागच्या जागी फिरत राहतात. चारही चाकांना जोर मिळाला, की गाडीचे सगळे वजन पकड धरण्याच्या कामी येते. जीपचे तत्त्व ते एवढेच.

ही गाडी मात्र शेतासाठी जन्मली नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने चारही चाकांवर चालणाऱ्या हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. मुंबईत माझगावला १९४९ मध्ये महिंद्र कंपनीने जुळणी केलेली पहिली जीप बाहेर पडली. पुढे तिचे भागही इथेच बनू लागले. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला, तेव्हा साहेबांचा दौरा म्हणजे जीप हे ठरलेलेच होते. अशा गाड्या जुन्या झाल्या, लिलावात निघाल्या आणि शेतकऱ्यांच्या दारी आल्या.

गाडीबरोबर तिचा इतिहासही दारी येतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरावे लागते. पण चारचाकी जोर लावला की या जीपमध्ये पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगाने फिरतो. दोहोंमधला फरक सोसणारे डिफरन्शिअल मध्ये नाही. चिखलात चाक थोडे घसरते आणि फरक भागतो. कोरड्या डांबरीवर ते घसरत नाही, म्हणून ताण दात्यांवर येतो. यासाठी तो लीव्हर चिखलात ओढायचा आणि डांबरी लागताच सोडायचा.

टायरांचेही तसेच. नव्या टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे २२६ सेंटिमीटर भरतो. झिजून त्रिज्या ३५ झाली, तर परीघ २२०. एका किलोमीटरला पहिल्याचे सुमारे ४४२ फेरे होतात, दुसऱ्याचे सुमारे ४५५. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घातले, तर सरळ रस्त्यावरही हा १३ फेऱ्यांचा झगडा चालू राहतो. जुनी जीप घेताना म्हणूनच चारही टायरांना सुतळी गुंडाळून पाहावी. ओढ्यातून गाडी काढल्यावर आसाच्या पेटीतले तेल पाहावे; दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, ते लगेच बदलावे.

जालन्यात भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत. प्रत्येक जीप कधीतरी अशा भट्टीत जाणारच. पण ती दहा वर्षे आधी जावी की नंतर, हे बरेचसे मालकाच्या हाती असते. गावात एखादी जुनी जीप असेल, तर मालकाला विचारून मुलांना तिच्यापाशी न्यावे. सोबत सुतळी आणि मोजपट्टी घ्यावी. वर्तुळाचा परीघ कशाला शिकायचा, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.